शस्त्रे घडवण्याच्या गेमची परीक्षणे कशी वाचावीत

माझा भाचा इथेच नाशिकला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. रविवारी सकाळी आम्ही मिसळ खायला गेलो की दर दोन-तीन महिन्यांनी तो माझ्यासमोर मोबाइल धरतो आणि एक आकडा दाखवतो. "मामा, ८८ आहेत. घेऊ ना?" आकडा मेटाक्रिटिक या परीक्षणांचे गुण एकत्र करणाऱ्या संकेतस्थळाचा असतो, गेम बहुधा ड्रॅगन मारून त्याच्या हाडांची तलवार करण्याच्या जातीचा असतो आणि किंमत चार-पाच हजारांच्या घरात असते. मी सातपूरला एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो. डाय आणि पंच, म्हणजे पत्रा कापायची व दाबायची पोलादी अवजारे, घडवणे, ते कडक करून घेणे, पुन्हा ग्राइंडिंगला लावणे हा माझा दिवसभराचा उद्योग आहे, आणि घरी आल्यावर मी तोच उद्योग पडद्यावर करत बसतो याचे माझ्या पत्नीला अजून नवल वाटते. तरीही या दोन्हींमुळे शस्त्रनिर्मितीच्या गेमची परीक्षणे कोणत्या क्रमाने आणि काय शोधत वाचावीत याची माझी एक रीत बसली आहे. भाच्याला ती तुकड्यातुकड्यांनी सांगून झाली, आता सलग लिहितो.

सुरुवात आकड्यापासून करू नये. पण सगळे तिथूनच करतात, म्हणून तो कसा तयार होतो एवढे समजून घेऊ आणि त्याला बाजूला ठेवू. मेटाक्रिटिक २००१ पासून चालू आहे. निरनिराळ्या नियतकालिकांनी आणि संकेतस्थळांनी दिलेले तारे, अक्षरे किंवा गुण ते शंभरपैकी गुणांत बदलते आणि त्यांची भारित सरासरी काढते. कोणाच्या मताला किती भार दिला ते मात्र सांगत नाही. चित्रपटाला ६१ गुण मिळाले तरी तिथे हिरवा रंग लागतो, गेमला मात्र हिरव्या रंगासाठी ७५ गाठावे लागतात. गेमचे परीक्षक मुळात सढळ हाताने गुण देतात हे त्या संकेतस्थळानेच अशा रीतीने मान्य केलेले आहे, त्यामुळे गेमच्या ७० गुणांना परीक्षेतल्या प्रथम श्रेणीसारखे समजू नये. ओपनक्रिटिक २०१५ साली आले. ते साधी सरासरी देते आणि सोबत किती टक्के परीक्षकांनी गेमची शिफारस केली तेही दाखवते. मला हा दुसरा आकडा अधिक उपयोगी वाटतो, कारण ८० ही सरासरी सगळ्यांनी ८० दिल्यानेही येते आणि अर्ध्यांनी ९५ व अर्ध्यांनी ६५ दिल्यानेही येते, आणि शस्त्रे घडवण्याचे गेम बऱ्याचदा दुसऱ्या प्रकारात मोडतात.

हे का होते त्याचे सगळ्यात चांगले उदाहरण म्हणजे कॅपकॉमची मॉन्स्टर हंटर ही मालिका. पहिला गेम २००४ साली प्लेस्टेशन २ वर आला तेव्हा पाश्चात्त्य परीक्षकांनी त्याला सत्तरच्या आतच ठेवले. त्यात हत्यार चालवण्यासाठी बटण नव्हते, कंट्रोलरवरची उजवी काडी निरनिराळ्या दिशांना ढकलावी लागे, आणि कॅमेरा तर ऐन मोक्याच्या क्षणी भलतीकडे पाहत असे. त्याच मालिकेतल्या मॉन्स्टर हंटर ट्राय या गेमला २००९ साली जपानच्या फामित्सू साप्ताहिकाने ४० पैकी ४० गुण दिले. तिथे चार परीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात आणि त्यांची बेरीज छापली जाते. पुढे जानेवारी २०१८ मध्ये मॉन्स्टर हंटर : वर्ल्ड आला, प्लेस्टेशन ४ वर त्याला मेटाक्रिटिकवर ९० गुण मिळाले आणि कालांतराने त्याच्या दोन कोटींहून अधिक प्रती विकल्या गेल्या. आता गंमत अशी की या चौदा वर्षांत लोहाराच्या भट्टीचे मूळ तत्त्व जवळजवळ तेच राहिले: प्राणी मारा, त्याचे कातडे, हाडे, नखे जमवा, लोहाराकडे नेऊन हत्यार करून घ्या आणि त्या हत्याराने त्याहून मोठा प्राणी मारा. बदलले ते भोवतालचे, म्हणजे कॅमेरा, बटणे, सलग नकाशे आणि जगभरातल्या कोणासोबतही शिकारीला जाण्याची सोय. गुण वाढले ते भट्टीच्या आजूबाजूच्या सुधारणांमुळे. भट्टी चांगली की वाईट हे ना पहिल्या आकड्यातून कळले, ना शेवटच्या.

म्हणून परीक्षण उघडल्यावर माझा पहिला प्रश्न असतो की या गेममध्ये 'क्राफ्टिंग', म्हणजे साहित्य जमवून वस्तू घडवणे, याचा अर्थ नेमका काय. हा एकच शब्द निदान चार वेगळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि ज्याला त्यातली एक आवडते त्याला दुसरी आवडेलच असे नाही. नाशिकमध्ये नुसते "मिसळ उत्तम" म्हणून चालत नाही, रस्सा काळ्या मसाल्याचा की लाल, हे आधी सांगावे लागते. तसेच हे आहे.

मॉन्स्टर हंटरमध्ये लढाई आणि घडवणे एकमेकांत इतके गुंतलेले आहे की ते सुटे करता येत नाही. राथालोस या उडत्या प्राण्याच्या शेपटीचा तुकडा हवा असेल तर शेपूट आधी तोडावी लागते, आणि हातोडा घेऊन गेलेल्या शिकाऱ्याला ती तोडता येत नाही. त्यासाठी पात्याचे हत्यार न्यावे लागते किंवा तसे हत्यार असलेला जोडीदार. म्हणजे कोणते हत्यार करायचे आहे यावरून आजची लढाई कशी लढायची ते ठरते. शिवाय तिथे तडजोड आहे, आणि टूलरूममधल्या माणसाला ती लगेच ओळखीची वाटते. आमच्याकडे पंच कडक केला आणि टेम्परिंगला, म्हणजे चिवटपणासाठी तो पुन्हा थोडा तापवायला, कंटाळा केला तर तो पहिल्या काही ठोक्यांतच टवका सोडतो. कडकपणा आणि चिवटपणा एकाच वेळी पूर्ण मिळत नाहीत, एकाची किंमत दुसऱ्यातून मोजावी लागते. या गेममध्ये हाडांपासून केलेल्या हत्याराचा घाव साधारणपणे जड असतो पण धार कमी असते, आणि धार उतरली की जाड कातड्यावरून घाव उसळून परत येतो, मग धावत्या प्राण्यासमोर गुडघ्यावर बसून दगडावर पाते घासण्याची वेळ येते. ज्या परीक्षकाने या उसळण्याबद्दल दोन ओळी लिहिल्या आहेत, त्याने भट्टी खरोखर वापरली आहे असे मी धरतो.

दुसरा प्रकार सुट्या भागांच्या जोडणीचा. फेब्रुवारी २०१२ मध्ये आलेल्या किंगडम्स ऑफ अमालुर : रेकनिंग या गेममध्ये सापडलेली हत्यारे मोडून त्यांतून पाते, मूठ असे भाग काढता येतात आणि ते जुळवून नवे हत्यार तयार करता येते. त्याला तेव्हा ऐंशीच्या आसपास गुण मिळाले. लढाईचे कौतुक झाले. पण मन लावून लोहारकाम शिकणाऱ्या खेळाडूंची एक तक्रार होती जी आकड्यात कुठेच दिसत नाही. लोहारकामात पुरेसे प्रावीण्य मिळवले की स्वतः केलेले हत्यार इतके भारी होते की पुढच्या गुहेतल्या पेटीत काय मिळणार याची उत्सुकताच उरत नाही आणि शत्रू तर पालापाचोळ्यासारखे उडतात. बहुतेक परीक्षणांत ही गोष्ट 'लोहारकाम समाधान देणारे आहे' अशा वाक्यात झाकली गेली होती, आणि वाक्य खोटेही नव्हते. हा गेम करणारी ३८ स्टुडिओज ही कंपनी त्याच वर्षी दिवाळखोरीत गेली. सप्टेंबर २०२० मध्ये दुसऱ्या प्रकाशकाने तोच गेम थोडी रंगसफेदी करून पुन्हा आणला तेव्हा गुण सत्तरीच्या आसपास उतरले. लोहार तोच होता, फक्त मधल्या आठ वर्षांत वाचकांना आणि परीक्षकांना इतर गेमची सवय लागली होती. जुन्या गेमची नवी आवृत्ती घेताना दोन्ही वेळची परीक्षणे शेजारी ठेवून वाचावीत असे मी म्हणतो ते यासाठी.

तिसऱ्या प्रकारात हत्यार वाढवायचे असते. लेव्हल-५ या कंपनीच्या डार्क क्लाउडमध्ये, जो जपानमध्ये डिसेंबर २००० मध्ये आला, माणसापेक्षा तलवारच मोठी होत जाते. तिला वस्तू जोडायच्या, तिची पातळी वाढवायची. मात्र दुरुस्तीची पूड वेळेवर वापरली नाही आणि तलवार पूर्ण झिजली तर ती कायमची जाते, मग तुम्ही तिच्यावर कितीही तास घालवलेले असोत. काही परीक्षकांना हा छळ वाटला, काहींना त्यातच खरी धाकधूक सापडली. दोघेही बरोबर होते, आपण त्यांपैकी कोणासारखे आहोत एवढेच ठरवायचे.

चौथा प्रकार भर लढाईत उभ्या उभ्या जोडण्याचा. निन्टेंडोच्या झेल्डा मालिकेतला ब्रेथ ऑफ द वाइल्ड मार्च २०१७ मध्ये आला, मेटाक्रिटिकवर ९७ गुण मिळाले, आणि तरीही आजवर त्याच्याविषयी एकच भांडण चालू आहे की त्यातली हत्यारे काचेसारखी मोडतात. मे २०२३ मध्ये आलेल्या टिअर्स ऑफ द किंगडममध्ये हत्यारे तशीच मोडतात, पण आता साध्या काठीला राक्षसाचे शिंग चिकटवून नवे हत्यार करता येते. या गेमला ९६ गुण मिळाले. आकडा पाहिला तर एक गुण कमी झाला, परीक्षणे वाचली तर मागच्या खेपेची मुख्य तक्रार बरीच निवळलेली दिसते. आकडा आणि मजकूर यांची दिशा अशी उलटी असू शकते.

गेम यांपैकी कोणत्या प्रकारात बसतो हे ठरले की परीक्षणातली वाक्ये ठोकून पाहावीत, जशी भांडी बाजारात पातेल्यावर टिचकी मारून नाद ऐकतात तशी. समजा एकाने लिहिले की "शस्त्रनिर्मितीची व्यवस्था अत्यंत सखोल असून शेकडो हत्यारे उपलब्ध आहेत." हे वाक्य जाहिरातीच्या पत्रकातून जसेच्या तसे आले असते तरी काही फरक पडला नसता. आता समजा दुसऱ्याने लिहिले की "तिसऱ्या तासाला केलेली कुऱ्हाड मी तिसाव्या तासापर्यंत बदलली नाही, कारण नव्या कुऱ्हाडीत फक्त आकडा मोठा होता." या एका वाक्यात किती खेळले, काय केले आणि काय खटकले हे तिन्ही आले. गुण दोघांनीही ८ दिले असतील, मी पुढे फक्त दुसऱ्याचे वाचतो. 'शेकडो हत्यारे' दिसले की एक प्रश्न वहीत लिहून ठेवावा: हत्यार बदलल्यावर हाताला फरक जाणवतो का? मॉन्स्टर हंटर : वर्ल्डमध्ये हत्यारांचे चौदा प्रकार आहेत आणि प्रत्येकाची चाल इतकी वेगळी आहे की प्रकार बदलणे म्हणजे गेम पुन्हा शिकणे होय. याउलट अनेक गेममध्ये शेकडो तलवारी म्हणजे एकच तलवार शेकडो रंगांत असते.

यानंतर तास. छापील किंवा संकेतस्थळावरचे परीक्षक गेम बाजारात येण्याआधी प्रत मिळवतात आणि ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या वेळी परीक्षण प्रसिद्ध करतात. तोवर त्यांना घाईने पुढे जावे लागते. कथेच्या गेमला हे फारसे बाधत नाही. घडवण्याच्या गेमला बाधते, कारण भट्टीचा कंटाळा किंवा नशा, दोन्ही, कथा संपल्यानंतर सुरू होतात, जेव्हा एका दुर्मीळ मण्यासाठी तोच प्राणी विसाव्यांदा मारावा लागतो. जपानी खेळाडू गमतीने म्हणतात की गेममध्ये इच्छा ओळखणारा सेन्सर बसवलेला असतो. जी वस्तू मनापासून हवी असते ती सोडून बाकी सगळे मिळते. हा अनुभव घेण्याइतका वेळ परीक्षकाकडे होता का, हे परीक्षणाच्या पहिल्या किंवा शेवटच्या परिच्छेदात पाहावे. कित्येक जण तास प्रामाणिकपणे लिहितात. ज्यांनी लिहिलेले नाहीत त्यांनी गेमच्या उत्तरार्धातल्या एखाद्या तरी साहित्याचा उल्लेख केला आहे का ते शोधावे.

इथे स्टीम या संगणकाचे गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानावरची खेळाडूंची मते कामी येतात, कारण प्रत्येक मताशेजारी ते लिहिताना त्या माणसाचे किती तास झाले होते हे छापलेले असते. एकंदर शिक्क्यावर थांबू नये: सकारात्मक मते ४० ते ६९ टक्के असली की स्टीम 'संमिश्र' म्हणते, आणि एवढ्या रुंद पट्ट्यात भले-बुरे सगळेच बसते. तासांची गाळणी लावून वीस तासांच्या पुढची मते घ्यावीत आणि त्यांतही नकारात्मक आधी वाचावीत. तीनशे तास खेळून नापसंती नोंदवणारा माणूस हास्यास्पद वाटतो खरा, पण भट्टीविषयी सर्वांत नेमके तोच लिहितो. त्याला काय हवे होते आणि कितव्या तासाला ते संपले हे तो सांगतो. अर्ध्या तासात रागावून लिहिणाऱ्याकडून फक्त एकच माहिती मिळते, गेम त्याच्या यंत्रावर चालला की नाही, आणि तीही टाकाऊ नसते. मधूनच गेमशी संबंध नसलेल्या कारणावरून नापसंतीची लाट येते. मार्च २०१९ पासून स्टीम अशा लाटा ओळखून गुणांकनातून वगळते, तरी आलेखात एकाच आठवड्यात लाल खांब उंच झालेला दिसला तर त्या तारखेला काय घडले होते ते पाहून घ्यावे.

यंत्राचा प्रश्न वेगळा आणि आपल्यासाठी महागडा. फेब्रुवारी २०२५ च्या अखेरीस मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स आला. परीक्षकांनी त्याला नव्वदीच्या जवळपास गुण दिले, तीन दिवसांत ८० लाख प्रती गेल्या, आणि त्याच दिवसांत स्टीमवर मात्र शिक्का 'संमिश्र' होता. खेळाडूंच्या तक्रारी भट्टीविषयी कमी आणि संगणकावर गेम अडखळण्याविषयी जास्त होत्या. एकाच गेमविषयी दोन विरुद्ध निकाल लागले असे त्यावरून वाटते, प्रत्यक्षात ते दोन वेगळ्या प्रश्नांचे निकाल होते. परीक्षण कोणत्या यंत्रावर केले हे सहसा शेवटच्या ओळीत बारीक अक्षरांत असते. ती ओळ आधी वाचावी. प्लेस्टेशनसारख्या कन्सोलवरचे परीक्षण वाचून संगणकासाठी गेम घेणे म्हणजे दुसऱ्याच्या चष्म्याचा नंबर आपल्याला लावून घेणे.

हे मी शहाणपणाने सांगत असलो तरी शिकलो पैसे घालवून. काही वर्षांपूर्वी असाच एक गेम, नाव राहू द्या, मी प्रकाशनाच्या रात्रीच घेतला. रात्री दहाला डाउनलोड लावला, तो पहाटे अडीचला उतरला. दुसऱ्या दिवशी कामावरून आल्यावर सुरू केला तर पंचवीस मिनिटे शेडर, म्हणजे चित्र रंगवणारे छोटे प्रोग्राम, तयार होत होते. मग चाळीस मिनिटे मी नायकाची मिशी ठरवत होतो, यात दोष कोणाचाच नाही. मग तासभर प्रस्तावना. शेवटी एकदाचे गावात पोहोचलो, समोर लोहाराचे दुकान, भट्टीतून ठिणग्या उडताहेत, आणि प्रत्येक ठिणगीगणिक चित्र थिजत होते. माझे ग्राफिक कार्ड सहा जीबीचे, जुने. पैसे परत मागायला गेलो तर घड्याळ दोन तास दहा मिनिटे दाखवत होते. स्टीमचा सर्वसाधारण नियम असा आहे की खरेदीपासून १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेले असेल तर पैसे परत मिळतात, आणि गेम नुसता चालू ठेवला तरी ते मिनिट मोजले जाते. शेडर तयार होण्याची मिनिटेही आणि मिशीचीही.

तेव्हापासून दोन नियम आहेत. पहिला, प्रकाशनानंतर निदान दोन आठवडे थांबायचे आणि त्या काळात आपल्याच ग्राफिक कार्डाचे नाव टाकून मते व चित्रफिती शोधायच्या. दुसरा, घेतल्यानंतरची पहिली नव्वद मिनिटे आखून वापरायची. चेहरा जो मिळेल तो ठेवावा. रंजक उपकथा सोडून सरळ लोहारापर्यंत जावे, मिळेल त्या साहित्याचे एक हत्यार करून घ्यावे आणि आधी ज्या शत्रूला जुन्या हत्याराने मारले होते त्यालाच पुन्हा नव्या हत्याराने मारून पाहावे. घावाचा आवाज, लागणारा वेळ, आपल्या हालचाली यांत काही बदलले का, की फक्त शत्रूच्या डोक्यावर उडणारा आकडा मोठा झाला, हे परीक्षणांतून वहीत लिहून घेतलेल्या प्रश्नांशी ताडून पाहावे. नव्वद मिनिटांत लोहार भेटलाच नाही, तर कोणत्या तासाला भेटतो ते शोधून मग ठरवावे, पण गेम बंद करून.

मागच्या महिन्यात भाच्याने हे सगळे पाळून एक गेम घेतला. मोबाइलवर नव्वद मिनिटांचा गजर लावला, शेजारी वही उघडून बसला. गजर वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात चहा करत होतो. "मामा," तो आतून ओरडला, "भाला केला. जुन्यापेक्षा हळू आहे, पण लांबून पोचतो. आता मला लढायचीच पद्धत बदलावी लागेल." मग गजर बंद केल्याचा आवाज आला आणि गेमचा चालूच राहिला.